रोपांचे टॅग आणि बदललेली शास्त्रीय नावं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की घोडबंदर रोडपासून बेलापूर-खारघरपर्यंतच्या नर्सऱ्यांत वर्दळ वाढते आणि हल्ली तिच्यासोबत एक वादही येतो. पिशवीला लावलेल्या टॅगवर एक शास्त्रीय नाव असतं, मोबाइलमधलं ॲप फोटो पाहून दुसरंच सांगतं. गिऱ्हाइकाला वाटतं, रोप चुकीचं दिलं. नर्सरीवाल्याला वाटतं, वनस्पतिशास्त्रज्ञांना नावं बदलण्यापलीकडे उद्योग नाही. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. रोप बरोबर असतं आणि नाव बदलण्याला कारणही असतं. पण या गोंधळाच्या आडून कधी कधी खरोखरच चुकीचं रोप विकलं जातं, आणि त्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

अशोकाचं उदाहरण घ्या. सोसायट्यांच्या कंपाउंडला रांगेत उभा असतो तो उंच, सरळसोट, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा अशोक. त्याचं नाव कित्येक वर्षं पॉलीअल्थिया लाँगिफोलिया होतं, २०१२ पासून ते मोनून लाँगिफोलियम आहे. पॉलीअल्थिया या नावाखाली एकमेकांशी जवळचं नातं नसलेली झाडं कोंबली गेली होती. डीएनए तपासल्यावर ते उघड झालं आणि त्यांतला एक गट मोनून या जुन्या नावाखाली वेगळा काढला. झाड तेच, म्हणून टॅगवर जुनं नाव राहिलं तरी कोणाचं नुकसान नाही. पण वैद्य ज्याची साल वापरतात तो सीता-अशोक, साराका असोका, हे झाडच वेगळं. तो शेंगांच्या कुळातला, संयुक्त पानांचा. त्याची कोवळी पालवी तांबूस होऊन खाली लोंबते आणि नारिंगी फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर येतात. कंपाउंडवाला अशोक सीताफळाच्या कुळातला आहे. ‘सीता-अशोक’ मागितला आणि मोनून मिळाला तर ती फसवणूक आहे, मग टॅगवर काहीही लिहिलेलं असो. वीतभर रोपातही फरक कळतो. एका देठावर पर्णिकांच्या जोड्या असतील तर सीता-अशोक, एकेकटं लांब पान असेल तर दुसरा.

सीता-अशोकाच्या नावाचीही दुरुस्ती झालेली आहे, पण तिचं कारण निराळं. जुन्या पुस्तकांत आपल्या झाडाला साराका इंडिका म्हटलेलं आढळतं. हे नाव शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने ज्या झाडाला दिलं ते आग्नेय आशियातलं. आपल्याकडे ते चुकून चिकटलं होतं. कदंबाचंही तसंच. ॲन्थोसेफॅलस हे त्याचं जुनं वंशनाव (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) मुळात मादागास्करकडच्या एका वेगळ्याच झाडाच्या नमुन्यावर बेतलेलं निघालं, म्हणून १९८० च्या दशकात कदंबासाठी निओलामार्किया हा वंश करावा लागला. प्रत्येक नाव हर्बेरियममधल्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) एका नमुन्याला किंवा जुन्या चित्राला बांधलेलं असतं. नमुना एका झाडाचा आणि नाव वापरात दुसऱ्याच झाडाला, असं दिसलं की नमुन्याचं म्हणणं खरं धरतात. या प्रकारचे बदल नर्सरीवाल्याने लगेच स्वीकारावेत, कारण इथे जुनं नाव खरोखर दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवतं.

तुळशीच्या बाबतीत सगळा मामला तारखेचा आहे. ऑसिमम टेनुइफ्लोरम आणि ऑसिमम सँक्टम ही दोन्ही नावं लिनियसनेच दिली, पहिलं १७५३ मध्ये, दुसरं १७६७ मध्ये. पुढे दोन्ही एकच वनस्पती ठरली. १ मे १७५३ पासून प्रसिद्ध झालेल्या नावांत जे आधीचं ते ग्राह्य, असा नियम आहे, त्यामुळे सँक्टम मागे पडलं. ‘पवित्र’ अर्थाचं नाव का काढलं म्हणून अनेकांना वाईट वाटतं. नियमाला अर्थाशी देणंघेणं नाही. जाणीवपूर्वक अपवाद करायची सोय मात्र नियमातच आहे, तिच्याकडे पुढे येतो.

नर्सरीवाल्यांचा खरा राग ओढवला तो नातेसंबंध बदलल्याने झालेल्या बदलांनी. सॅन्सेव्हेरिया हे स्नेक प्लांटचं नाव माळ्यापासून इंटीरियरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. डीएनए अभ्यासात दिसलं की सॅन्सेव्हेरिया हा वेगळा वंश नसून ड्रॅसिनाच्या गोतावळ्यातलीच एक शाखा आहे. आता एका पूर्वजाची सगळी वंशावळ एकाच नावाखाली असावी, असा आजच्या वर्गीकरणाचा आग्रह आहे. तेव्हा दोनच वाटा उरल्या. ड्रॅसिनाचे तुकडे करायचे, नाहीतर सॅन्सेव्हेरियाला त्यात घ्यायचं. दुसरी वाट धरली गेली आणि २०१७-१८ पासून ते ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा झालं. रोझमेरीचंही तेच. ती साल्व्हियाच्या कुटुंबाच्या मधोमध बसते असं २०१७ च्या अभ्यासात मांडलं गेलं. रोझमेरीला आणि तिच्यासारख्या आणखी काही छोट्या वंशांना साल्व्हियात घेतल्याने जेमतेम पंधरा नावं बदलली. साल्व्हिया फोडली असती तर शेकडो बदलावी लागली असती. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने हे लगेच उचललं नाही, दोन वर्षं थांबून २०१९ मध्ये स्वीकारलं. ही सबुरी आपल्याकडच्या नर्सऱ्यांनी घेण्यासारखी आहे.

बाभळीच्या नावाचा किस्सा मात्र विज्ञानापेक्षा मतदानाचा आहे. ॲकेशिया वंश एकजिनसी नाही, तो फोडावा लागणार, हे ठरल्यातच जमा होतं. प्रश्न होता की ‘ॲकेशिया’ हे नाव कोणत्या तुकड्याकडे राहणार. नियमाप्रमाणे ते जिथे मूळ नमुना आहे तिथे, म्हणजे आफ्रिका-भारतातल्या बाभळीकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियात या गटाच्या सुमारे हजार जाती, आणि त्या सगळ्यांची नावं बदलणं नको म्हणून नमुनाच बदलून तो ऑस्ट्रेलियन जातीचा धरावा, अशी समितीची शिफारस झाली. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत निम्म्याहून अधिक मतं या शिफारशीच्या विरोधात पडली, पण ती फेटाळायला लागणारी ६० टक्के भरली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नला हा निर्णय कायम झाला. म्हणून आपली बाभूळ आज व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगॅलिया कॅटेचू आहे. वनीकरणात बाहेरून आणून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी ॲकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस राहिली. यावर कोणी चिडलं तर आम्ही त्याला चूक म्हणणार नाही. मात्र वीस वर्षं उलटून गेल्यावर कागदोपत्री फक्त जुनं नाव लिहिणं हा काही निषेधाचा मार्ग नव्हे.

चिडण्याचा योग्य मार्ग शेवंतीवाल्यांनी दाखवला. बाजारातल्या शेवंतीला क्रायसँथेममऐवजी डेंड्रँथेमा म्हणायचं ठरलं, तेव्हा जगभरच्या फुलउत्पादकांनी तक्रार केली. शेवंतीसारख्या पिकाचं नाव बदलल्याने व्यापाराला होणारा त्रास नीट मांडून रीतसर प्रस्ताव गेला, १९९० च्या दशकात वंशाचा आधार-नमुनाच बदलण्यात आला आणि क्रायसँथेमम हे नाव शेवंतीला परत मिळालं. वर म्हटलेली अपवादाची सोय ती हीच. दुकानात बसून शास्त्रज्ञांच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

काही नावं तर फिरून घरी येतात. पानओव्याला १७९० मध्ये कोलियस ॲम्बोइनिकस म्हटलं गेलं, नंतर तो प्लेक्ट्रँथस झाला आणि २०१९ पासून पुन्हा कोलियस आहे. करंजाने पोंगॅमिया, डेरिस, मिलेटिया अशी वंशनावं फिरून आता पुन्हा पोंगॅमिया पिनाटापाशी मुक्काम केला आहे. ज्याला आपण अरेका पाम म्हणतो तो क्रायसॅलिडोकार्पसचा १९९५ मध्ये डिप्सिस झाला, २०२२ मध्ये परत क्रायसॅलिडोकार्पस. (खरी अरेका म्हणजे सुपारी, त्यामुळे ‘अरेका पाम’ हे व्यापारी नावच आहे.) मनी प्लांटची भटकंती वेगळ्या कारणाने झाली. हा वेल जवळजवळ फुलतच नाही आणि त्याचा वंश तर फुलावरून ठरवायचा. म्हणून १८८० पासून पोथॉस, सिंडॅप्सस, रॅफिडोफोरा असं करत तो १९६४ मध्ये एपिप्रेम्नम ऑरियममध्ये आला. बाजारात अजून पोथॉसच चालतं.

ही यादी वाचून सगळंच डळमळीत आहे असं वाटेल. तसं नाही. आंबा मँगिफेरा इंडिका, वड फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा, बहावा कॅशिया फिस्टुला, बकुळ मिम्युसॉप्स एलेंगी ही नावं १७५३ पासून जशीच्या तशी आहेत.

आता नर्सरीत काय करावं. सगळ्यात मोठी चूक होते ती कॉम्प्युटरवर. एक्सेलची यादी उघडून सॅन्सेव्हेरिया शोधा आणि ड्रॅसिना टाका, असा आदेश देतात आणि काम झालं असं समजतात. ट्रायफॅसिएटाला ते चालून जातं. पण सॅन्सेव्हेरिया सिलिंड्रिका या गोल पानांच्या जातीचं ड्रॅसिना सिलिंड्रिका होत नाही, कारण त्या नावाची दुसरीच वनस्पती आधीपासून आहे. तिचं आजचं नाव ड्रॅसिना अँगोलेन्सिस. रोझमेरी रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस होती, पण साल्व्हिया ऑफिसिनॅलिस म्हणजे सेज, म्हणून रोझमेरी साल्व्हिया रोझमॅरिनस झाली. वरच्या अशोकात वंशाचं व्याकरणातलं लिंग बदलल्यामुळे लाँगिफोलियाचं लाँगिफोलियम झालं. एकेक नाव तपासूनच बदलायचं असतं, एका झटक्यात नव्हे.

तपासायची जागा मोफत आहे. लंडनच्या क्यू गार्डन्सच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या सूचीत जुनं नाव टाकलं की ते स्वीकृत आहे की कोणाचं पर्यायी, हे लगेच दिसतं. पण ती सूचीही एक मत आहे. सोनचाफा तिथे मॅग्नोलिया चंपाका आहे, तर चीनमधले अनेक अभ्यासक त्याला अजून मिशेलिया म्हणतात, आणि नियमांच्या दृष्टीने दोन्ही नावं वैध आहेत. तेव्हा कोणती सूची पाळायची ते एकदा ठरवावं, कॅटलॉगवर तसं छापावं आणि वर्षातून एकदाच, नवे टॅग छापायच्या आधी, यादी पडताळावी. नवं नाव त्या सूचीत वर्षभर टिकलं तरच टॅगवर घ्यावं. दर महिन्याला निघणाऱ्या शोधनिबंधांमागे धावण्यात अर्थ नाही.

नोंदवहीत प्रत्येक लॉटला न बदलणारा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ वर्ष आणि त्यापुढे अनुक्रमांक. नाव हा त्या क्रमांकापुढचा एक रकाना असावा. बाकी रकान्यांत मराठी नाव, जुनी नावं, वाण, माल कुठून आला, बियांपासून की छाटापासून की कलमाने केला, आणि नाव कधी, कशावरून तपासलं, हे हवं. नाव बदललं की एक रकाना खोडून लिहायचा, पिशव्यांवरचे क्रमांक तसेच राहतात. वनस्पती उद्यानं हेच करतात.

टॅगचा खर्च ही नर्सरीवाल्यांची रास्त तक्रार आहे. छापील रंगीत टॅग हजारांच्या गठ्ठ्याने करावे लागतात आणि नाव बदललं की ते रद्दीत जातात. उपाय असा की छापील बाजूवर फोटो, मराठी नाव, वाण, ऊन-पाण्याची गरज एवढंच ठेवावं आणि शास्त्रीय नावासाठी मोकळी पट्टी सोडावी. तिथे स्टिकर लावायचा असेल तर बिलाच्या कागदासारखा नुसत्या उष्णतेने उमटणारा छाप नको. आपल्याकडच्या उन्हात तो पांढरा पडतो. रेझिन रिबन वापरणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि पॉलिप्रॉपिलीनची पट्टी घेतली की पावसाळा निघतो. छोट्या नर्सरीला खरबरीत प्लास्टिक पट्टीवर मऊ पेन्सिल पुरते. ग्राफाइट उन्हाने उडत नाही, मार्कर उडतो. मजकूर असा: ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा ‘लॉरेन्टी’, पूर्वीचं सॅन्सेव्हेरिया. निदान पाच-सात वर्षं जुनं नाव सोबत ठेवावं.

एकेरी अवतरणातलं वाणाचं नाव वंश बदलला तरी बदलत नाही, त्यासाठी वेगळी नियमावली आहे. गिऱ्हाइकाला हवं असतं तेही वाणच. म्हणून चूक इथे झाली तर महागात पडते. ‘लॉरेन्टी’ची पिवळी किनार पानाच्या वेगवेगळ्या थरांतल्या पेशींच्या फरकामुळे असते. पानाचे तुकडे लावून रोपं केली तर ती बिनकिनारीची हिरवी निघतात. किनार टिकवायची तर गड्डा फोडून फुटवेच वेगळे करावे लागतात. पानछाटाच्या रोपांवर ‘लॉरेन्टी’चा टॅग लावणं हा खोटेपणा आहे, त्यापुढे ड्रॅसिना लिहिलंय की सॅन्सेव्हेरिया याने काही फरक पडत नाही.

परदेशातून माल आणणाऱ्यांना नावाची चूक पैशांत भरावी लागते. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाच्या परिशिष्टांत वनस्पती शास्त्रीय नावांनीच दिलेल्या आहेत आणि निर्यातदार देशाच्या फायटोसॅनिटरी (माल रोग-किडींपासून मुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रातही शास्त्रीय नावाचा स्वतंत्र रकाना असतो. परवान्यावर सॅन्सेव्हेरिया आणि प्रमाणपत्रावर ड्रॅसिना आलं तर न्हावा-शेव्याला खुलासे द्यावे लागतात, तोवर कंटेनरचं भाडं चढतं आणि आतली रोपं सुकतात. अर्ज करतानाच दोन्ही नावं लिहावीत, परिशिष्टातलं आधी आणि नवं त्याला जोडून, आणि पुरवठादाराने माल भरण्यापूर्वी प्रमाणपत्राचा मसुदा मागवून शब्दन्‌शब्द जुळवावा. देशांतर्गत बिलाला ही अडचण नाही. जिवंत रोपांचा ०६०२ हा एचएसएन (जीएसटी बिलावरचा मालाच्या वर्गाचा) कोड जातीनुसार बदलत नाही.

रोग-किडींची माहिती शोधतानाही सगळी नावं वापरावी लागतात. कढीपत्ता पूर्वी मुराया कोनिगी, आता अनेक याद्यांत बर्गेरा कोनिगी. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला कीड कढीपत्त्यावर पोसते. फक्त नव्या नावाने शोधलं तर या विषयावरचं अनेक दशकांचं लिखाण हाती लागत नाही.

शेवटी महापालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांना एक विनंती. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, म्हणजे नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जुळवाव्या लागणार. एका गणनेत पॉलीअल्थिया आणि पुढच्या गणनेत मोनून लिहिलं तर बेरीज करताना एका झाडाच्या दोन जाती होतात. एका प्रभागात सामानिया सामान आणि शेजारच्या प्रभागात अल्बिझिया सामान लिहिलं तर वर्षावृक्षाचंही तेच, आणि शहरातल्या प्रजातींची संख्या कागदावर फुगते. झाड तोडण्याच्या अर्जातलं नाव आणि नोंदीतलं नाव जुळलं नाही तर हरकतीच्या सुनावणीत वेळ जातो तो वेगळाच. प्रत्येक झाडाला कायमचा क्रमांक, मराठी नाव, सध्याचं शास्त्रीय नाव आणि किमान एक जुनं नाव, एवढे चार रकाने पुढच्या गणनेच्या निविदेतच घालावेत. भरपाईच्या लागवडीसाठी रोपं मागवताना नुसतं ‘अशोक’ न लिहिता साराका असोका की मोनून लाँगिफोलियम ते लिहावं आणि माल उतरवून घेणाऱ्याने पान संयुक्त आहे की साधं, ते पाहूनच पावतीवर सही करावी.

कळावे,
रोपवाटिका व उद्यान-कामातले काही वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)